माजघरातली सातेरी

वारुळाला पहिलं हळदकुंकू माझ्या जावेनं लावलं. तेही माझ्याच घरात, माझ्याच किल्लीनं दार उघडून.

त्या वर्षी मुलीचं बाळंतपण अवघड होतं, म्हणून मी तीन महिने कणकवलीला तिच्याकडे जाऊन राहिले होते. जाताना किल्ली प्रभाकडे दिली. प्रभा म्हणजे माझ्या चुलत दिराची, जगन्नाथची बायको. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक दगडी गडगा आणि एक फणस, एवढंच अंतर. "तिनसांजेक दिवो लाव गो," इतकंच तिला सांगितलं होतं.

चतुर्थीला बारा दिवस उरले असताना मी परत आले. प्रभा किल्ली घेऊन सामोरी आली, पण हातात देईना. दार तिनंच उघडलं, मला चपला अंगणात काढायला लावल्या आणि डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, "भियाव नकात हां, वयनी. तुमचां भाग्य उजाडलां."

आत उदबत्तीचा धूर कोंदला होता. माजघराच्या मधल्या खांबाच्या बुडाशी, शेणानं सारवलेली जमीन फोडून, हातभर उंच लाल वारूळ उभं होतं. त्याच्यावर हळदकुंकू, जास्वंदीची फुलं, भोवती रांगोळी आणि पुढे समई. माझी समई! पेटीच्या तळाशी साडीत गुंडाळून ठेवलेली. देवी एक वेळ आपसूक आली असेल, समई काही आपसूक आली नव्हती.

"सातेरी इली तुमच्या घराक," प्रभा म्हणाली. "अर्दो गाव येवन पाया पडान गेलो."

आमच्या भागात वारूळ म्हणजे सातेरी, भूमीची देवी. गावच्या देवळातली सातेरीसुद्धा मुळात वारूळच आहे, वरून चांदीचा मुखवटा चढवलेला. शेतात वारूळ आलं तर लोक नांगर वळवून नेतात. घरात आलं तर घर देवीचं झालं असं समजून माणसं बाहेर पडतात, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. मी काही देव न मानणारी बाई नव्हे. मी हात जोडले, डोकं टेकवलं.

मग मान वर केली. वारुळापासून करंगळीएवढी वाळवीची मातीची वाट खांबावरून सरळ वर गेली होती. तिथून ती तुळईवर चढली होती आणि तुळईवरून एक फाटा खिडकीच्या चौकटीकडे उतरला होता. मी खांबावर बोटानं टकटक केलं. रिकाम्या डब्यावर वाजवल्यासारखा आवाज आला.

"हात लावा नकात!" प्रभा किंचाळली.

"खांब माजो आसा," मी म्हटलं. "आणि किल्ली पण दी हय."

हे घर माझ्या नवऱ्यानं, वासूनं, उभं केलं होतं. तो एसटीच्या डेपोत मेकॅनिक. रजा साठवून साठवून त्यानं चिरे आणले, किंजळीचं लाकूड निवडलं, प्रत्येक वासा स्वतः उभं राहून चढवून घेतला. मुहूर्तमेढ रोवली त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता आणि मेढीला आंब्याची डहाळी बांधलेला दोरा सारखा सुटत होता, तर या गृहस्थानं खिशातून डेपोच्या भंगारातली तांब्याची तार काढली आणि मेढीला चार वेढे देऊन पीळ मारला. "आता इंजिनाक बांदली तरी सुटाची नाय," म्हणाला. त्या मेढीच्या शेजारीच पुढे माजघराचा खांब उभा राहिला. घर पुरं झाल्यावर चार वर्षांत वासू गेला. त्यानंतरची तीन वर्षं त्याच खांबाला टेकून मी शिवणाचं मशीन चालवत होते. गावातल्या निम्म्या बायकांची पोलकी तिथं शिवली गेली. आणि आता त्याच बायका माझ्या मशीनवर नारळांचा ढीग रचून पाया पडून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी धोंडू मेस्ताला बोलावलं. आमच्या घराचं सगळं सुतारकाम त्याच्याच हातचं. त्यानं तासणीच्या दांड्यानं खांब खालून वर वाजवत नेला, मग तुळई वाजवली आणि हातातली तासणी हळूच खाली ठेवली.

"वयनी, ह्या खांबात आता खांब रवलो नाय. भायर साल आसा, भुतूर माती."

"किती दिस टिकतलो?"

"कौलां भिजान वजन दुप्पट झालांहा. पाऊस असोच रवलो तर चतुर्थीपर्यंतसुद्दा सांगूक येवचां नाय. तुमी हय निजा नकात."

"मगे उपाय सांग."

"उपाय एकच. वारूळ खणूक व्हयां. वरचां मोडून उपेग नाय. खाली खोल राणी आसता, ती गावाक व्हयी. ती रवली तर तुमी सोन्याचो खांब लावलात तरी म्हयन्याभरात पुन्ना तसांच."

"मगे बघतस काय? खण."

मेस्तानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "वयनी, टेकू देतंय. खांब बदलतंय. काजूच्या टरफलांचां काळां तेल हातान फासतंय, कातडी सोलवटली तरी चलात. पण हळदकुंकू लागल्यार तेच्यात पहार घालूची माजी छाती नाय. तात्या गावकार व्हय म्हणाले तर बघूया."

तो तुळईला दोन टेकू देऊन गेला. जाताना त्यानंही वारुळाला नमस्कार केला.

संध्याकाळी जगन्नाथ आला. नारळ घेऊन, नवा सदरा घालून. पडवीत बसला, घसा खाकरला.

"वयनी, देवीन जागा निवडल्यान. तेच्याफुडे आपुण कोण?"

"कोण?" मी विचारलं.

"म्हणजे तसां न्हय. माजघर देवीक देवचां. गावान नेमधर्म बघूचो. पुजेक कोणतरी कायम हयसर व्हयो, म्हणान आमचो सुदेश फुडल्या खोलयेत रवात. आणि तुमी कित्याक चिंता करतास? आमची पडवी मोठी आसा. एक पडदो लावलो की तुमची खोली झाली."

सुदेश त्याचा मुलगा. मार्गशीर्षात त्याचं लग्न ठरलं होतं आणि जगन्नाथच्या घरात नव्या नवरीला खोली नव्हती, हे वाडीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

"म्हणजे देवीक माजघर, सुदेशाक फुडली खोली आणि माका तुमची पडवी," मी म्हटलं. "बरी वाटणी केल्यान देवीन. तुमका इचारून केल्यान काय?"

"वयनी, देवाच्या कामात मस्करी नको."

"आणि माजो गणपती खय बसतलो?"

"आमच्याकडे. भावबंदाचो एकच गणपती. बरां दिसता."

वासू गेल्याच्या बाराव्या दिवशी हाच माणूस याच पडवीत बसून म्हणाला होता, "एकट्या बायलमाणसाक येवडां मोठां घर कित्याक?" त्या दिवशी मी त्याला चहा दिला होता. या वेळी दिला नाही.

"मंगळवारी तात्यांका बोलवलंय," तो उठत म्हणाला. "देवीफुडे गाऱ्हाणा घालतले. मगे तुमचां काय चलाचां नाय."

"येवंदेत. घर माजां आसा, सगळ्यांका पाणी दितलंय."

मंगळवारला चार दिवस होते. मी माजघरातच मशीन लावलं. मेस्तानं निजू नको म्हणून सांगितलं होतं, बसू नको असं काही सांगितलं नव्हतं. मशीन थांबवून खांबाला कान लावला की आत बारीक कुरकुर ऐकू यायची. अशी चीड यायची की काय सांगू! वासूनं एकेक लाकूड उन्हात उलटंपालटं करून वाळवलं होतं आणि ही वाळवी ते बसून खात होती.

भीतीही वाटत होती, खोटं कशाला बोलू? दुपारी प्रभा फुलं घेऊन आली की मुद्दाम हळू आवाजात म्हणायची, "वयनी, नातू ल्हान आसा तुमचो. देवीचो कोप झालो तर पयलो लेकरांवर येता." पहिल्या दिवशी ते ऐकून मी मशीन थांबवलं. सुई पोलक्यात तशीच रुतून राहिली. वीस दिवसांचं पोर डोळ्यांपुढे आलं, त्याच्या मुठी आल्या. दुसऱ्या दिवशीही थांबवलं. तिसऱ्या दिवशी तिनं तेच वाक्य त्याच सुरात म्हटलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"प्रभा," मी म्हटलं, "माज्या नातवाचां नाव पुन्ना ह्या कामात घेतलंस तर ही कातर बघ."

ती गेली. मी वारुळाकडे वळले आणि मोठ्यानं म्हटलं, "बाय, तू खरी आसशीत तर तुका माजो जीव कळतलो. आणि खरी नसशीत तर भियाचां कित्याक?" उत्तर अर्थातच आलं नाही. कुरकुर तेवढी चालू राहिली. पण त्या क्षणापासून मी घाबरायचं सोडलं.

मंगळवारी सकाळी तीसेक माणसं जमली. पुरुष माजघरात, बायका पडवीत नि दारात. मेस्त टेकूपाशी उभा. तात्या गावकार आले. ते गावचे पहिले मानकरी, वय ऐंशीच्या पुढे, अंगानं काटकुळे, पण गावाचं प्रत्येक गाऱ्हाणं पन्नास वर्षं त्यांनीच घातलेलं.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून घातलेलं साकडं. मानकरी नारळ हातात घेऊन एकेक मागणं म्हणतो आणि प्रत्येक मागण्यावर जमलेले सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. आमच्याकडे पोर बोलायला लागलं की हे शिकतंच. इतक्या वेळा म्हटलेलं असतं की मागणं कानात शिरायच्या आधीच "व्हय म्हाराजा" तोंडातून बाहेर पडतं. जगन्नाथचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा. त्याला त्याचा केवढा अभिमान!

तात्यांनी नारळ उचलला. मी पुढे झाले.

"तात्या, जरा थांबा. घर कोणाचां?"

"वासूचां."

"वासू आसतो तर घरातलां गाऱ्हाणा कोणी घातल्यान आसतां?"

"घरधन्यान. तशीच रीत आसा."

"मगे तो नाय आणि मी आसंय. नारळ हय देवा."

गलका उठला. जगन्नाथ पुढे सरसावला. "बायलमाणूस गाऱ्हाणा घालतला? गावाची इज्जत काय रवतली?"

"देवी बायलमाणूसच मां?" मी म्हटलं. "तिका माजी भाषा कळात. तुमका कळली नाय तरी चलात."

पडवीतून बायका हसल्या. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत राग होता की गंमत, मला आजही सांगता येणार नाही. मग त्यांनी नारळ माझ्या हातात ठेवला. "घाल. पण रीतीन घाल. मधी तुटता नये."

मी वारुळासमोर उभी राहिले. नारळ पोटाशी धरला. तात्यांचा सूर मी जन्मभर ऐकला होता. तोच लावला.

"बाय माजे सातेरी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" घर दणाणलं.

"आज हयसर जी काय तुजी लेकरां जमली हत, तेंची वाकडी-तिकडी सेवा गोड मानून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तू माज्या घराक पावणी म्हणान इलंस. मी घरात नाय होतंय, तरी माज्या समयेत तुजी वात पेटली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तू माजो खांब खाल्लंस, तुळई खाल्लंस, खिडकेची चौकट खाल्लंस. पावण्याचो घास मी काडूचंय नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कोणीतरी फसकन हसलं आणि खोकल्यात लपवलं.

"आता चतुर्थी इली. वासून बसवलेलो गणपती ह्याच घरात बसतलो. तेका जागा व्हयी. तुका गडग्याच्या फणसाखाली जागा केलंय, थयसर तू सुखान रव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

प्रभानं दारातून जगन्नाथला खुणावलं. त्याचे डोळे मिटलेले होते, गाऱ्हाण्यात ते नेहमीच मिटलेले असतात.

"हां घर वासून बांदल्यान. तेच्या मागे हां घर माजां. मी जिती आसंय तोपर्यंत हयसून जावचंय नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तुजां नाव फुडे करून एकट्या बायलेक घराभायर काडूचो इचार जो कोण करीत आसात, तेका बरी बुद्दी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज जगन्नाथचाच होता. तो म्हणून झाल्यावर त्यानं डोळे उघडले. मग तोंड उघडलं. मग मिटलं.

पहिल्यांदा तात्या हसले. दात नव्हतेच, नुसत्या हिरड्या दिसल्या. "जगग्या, तूच व्हय म्हणालंस मरे!" आणि मग सगळं माजघर हसलं, पडवी हसली, मेस्त टेकूला धरून हसला.

"ह्यां चालाचां नाय!" जगन्नाथ ओरडला. "फसवून घातलेलां गाऱ्हाणा!"

"फसवलां कोणी?" तात्यांचा आवाज एकदम कडक झाला. "उघड्यान घातल्यान, सगळ्यांच्या कानार घातल्यान. गावान देवीफुडे व्हय म्हटल्यान. आता मागे फिराचां तर तूच देवीक सांग. मी सांगूचंय नाय."

जगन्नाथनं वारुळाकडे पाहिलं. सांगायला काही तो पुढे झाला नाही.

मी नारळ फोडला. सूप आणलं, त्यात तांदूळ पसरले, आणि वारुळाचा हळदकुंकू लागलेला माथा दोन्ही हातांनी उचलून सुपात ठेवला. बायका वाट देत गेल्या. मी तो फणसाखाली नेऊन ठेवला, दिवा लावला, डोकं टेकवलं. परत येऊन पदर खोचला आणि मेस्ताची पहार उचलली.

"वयनी, माका देवा," मेस्त म्हणाला.

"पयलो घाव माजो."

पहार जड होती. मी ती डोक्याइतकी उचलली आणि सगळ्या जोरानं घातली. माती फुटली. आतून वाळवी भळाभळा बाहेर आली, पांढरी, आंधळी, हजारोंनी. बायका चित्कारत मागे सरल्या. मग मेस्तानं पहार घेतली आणि कमरेइतका खड्डा होईपर्यंत तो थांबला नाही. प्रभाच्या कोंबड्या, कुठून खबर लागली कोण जाणे, गडगा ओलांडून आल्या नि मेजवानीवर तुटून पडल्या.

"गावली!" मेस्त ओरडला. मातीच्या एका पोकळ गोळ्यातून त्यानं बोटाएवढी लांब, पांढरट, फुगलेली राणी चिमटीत धरून वर काढली. "हीच ती. ही सगळ्यांची आय."

त्यानं ती सगळ्यांना दाखवायला तळहातावर ठेवली. लोक वाकून बघताहेत तोवर प्रभाच्या तांबड्या कोंबडीनं उडी मारून ती मटकावली. सगळ्यांची नजर कोंबडीवर. कोंबडीनं चोच पुसली आणि अंडं घातल्यासारखी ओरडत अंगणात निघून गेली. तिला काही झालं नाही.

मग लोक चहापाण्याला पडवीत गेले. मेस्त तेलाचा डबा आणायला घरी गेला. खड्ड्यातली सुटी माती उपसायला मी एकटीच आत उतरले. कोपऱ्यात, वारुळाच्या अगदी मुळाशी, हाताला काहीतरी टोचलं. माती बाजूला केली. हातभर लांबीचा लाकडाचा तुकडा होता. साल तेवढी राहिलेली, आत लाकडाऐवजी मातीचं पोळं. आणि सालीभोवती हिरवी पडलेली तांब्याची तार, चार वेढे आणि पीळ.

मी खड्ड्यात तशीच बसून राहिले.

"काय गावलां, वयनी?" वरून जगन्नाथनं विचारलं. तो कधी येऊन उभा राहिला, कळलंच नव्हतं.

मी तो तुकडा ओच्यात घेतला. "कायएक नाय. कुजलेलां लाकूड."

त्या संध्याकाळी न्हाणीच्या चुलीत मी ती मेढ घातली आणि त्या पाण्यानं आंघोळ केली. तार तेवढी काढून घेतली. ती आजही मशीनच्या खणात आहे.

मेस्तानं जांभ्याचा मोठा चिरा बसवून त्यावर नवा खांब उभा केला, जमिनीला लाकूड टेकणार नाही असा. वासे, तुळई, चौकटी काळ्या तेलानं माखल्या. त्याच्या आणि माझ्या हातांची कातडी पंधरा दिवस सोलवटत होती. चतुर्थीला गणपती माजघरातच बसला. आरतीला जगन्नाथ आला. आवाज जरा बसलेला होता, पण आला. सुदेशनं लग्नाआधी त्याच्याच घराला एक खोली काढली, आणि ते काम सुरू झालं तेव्हा तेलाचा डबा मी स्वतः नेऊन दिला.

याला आता एकतीस वर्षं झाली. फणसाखालचं वारूळ माझ्या डोक्याच्या वर गेलं आहे. लोक लांबून येतात. दर मंगळवारी तिथं मी दिवा लावते, मनापासून लावते. आणि दर चैत्रात वारूळ आणि घर यांच्या मधल्या पट्टीत, माझ्या हातानं, काळं तेल ओतते. तिचं तिथं, माझं इथं. तिनं कधी तक्रार केली नाही.

मेढीची गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. गेल्या वर्षी मुलीनं कणकवलीला घर बांधायला काढलं. मुहूर्ताच्या दिवशी ती उंबराची फांदी घेऊन उभी होती, जावई खड्डा खणत होता, आणि वीस दिवसांचा असताना ज्याच्या नावानं मला भिववलं होतं तो नातू, आता तीस वर्षांचा बाप्या, नारळ धरून उभा होता. मी खिशातून, म्हणजे कमरेच्या पिशवीतून, ती तार काढली.

"ह्या काय, आये?" मुलीनं विचारलं.

"तुज्या बापाशीन मेढीक बांदलेली तार. जमीन करूच्या आदी तो म्हणालो होतो, 'भामा, मेढ उपटून टाकूया, कच्चां लाकूड आसा, वाळवी लागात.' मी उपटूक दिलंय नाय. शुभाची मेढ उपटली तर घराचां वायट होता, असां सांगान त्याच्या वांगडा भांडलंय. दोन दिस जेवलंय नाय. शेवटी तो गप रवलो आणि वरून जमीन घातल्यान."

जावयाचं खणणं थांबलं.

"वारूळ देवीन आणूक नाय, जगन्नाथानही आणूक नाय," मी म्हटलं. "मीच आणलंय. अख्ख्या गावावांगडा भांडलंय तेव्हा माका ह्यां म्हायत नाय होतां. खड्ड्यात बसल्यार कळलां. तुजो बापूस बरोबर होतो आणि तेका तसां सांगूक माका गावलां नाय, ह्याच माका आजून टोचता."

मुलीचे डोळे भरले. माझेही भरले होते, पण मला काम उरकायचं होतं.

"म्हणान आयका. रोवा मेढ. पूजा करा, नमस्कार करा, नारळ फोडा. पण जमीन घालूच्या आदल्या दिवशी ती उपटूची. उपटूक मी येतलंय. आणि कोणी आडवो इलो, तर गाऱ्हाणापण मीच घालतलंय!"

नातवानं नारळ उंच धरला आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडला, "व्हय म्हाराजा!"